शेजारी राष्ट्रांचा व्यापार व आपला शेतकरी

या मासिकाच्या वाचकांस खतें, बियाणें, भातावरील रोग, जनावरांची निगा अशा विषयांवरील लेख वाचण्याची संवय आहे. शेजारच्या राष्ट्रांशीं आपला व्यापार कसा चालावा, हा मथळा पाहून कित्येक जण पान उलटतील आणि म्हणतील कीं, शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखांत दोन-चार एकर भात लावणाऱ्या माणसास नेपाळाशीं आणि बांगलादेशाशीं काय कर्तव्य आहे? आम्हीहि महसूल खात्यांत कारकुनी करीत होतों तोंपर्यंत असेंच म्हणत होतों. सातबाराचे उतारे लिहिण्यांत आणि पैसेवारीचे तक्ते भरण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या तक्त्यांत पाऊस किती पडला यास रकाना होता, पीक किती आलें यास रकाना होता. परंतु त्या पिकाचा भाव कोणीं आणि कोठें बसून ठरविला यास रकाना नव्हता. नोकरींतून मोकळे होऊन स्वतःचें भात स्वतः विकूं लागल्यावर हा न छापलेला रकाना आमच्या दृष्टीस पडला. त्या रकान्यांत काय लिहिलेलें असतें, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

२० जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदुळाची निर्यात एकाएकीं बंद केली. त्या दिवसांत आमच्याकडे आवणी चालू होती. उन्हाळ्यांत राब भाजून, रोपें वाढवून, गुडघाभर चिखलांत वांकून लावणी करणाऱ्या माणसास दिल्लींत काय ठरलें याची वार्ताहि नव्हती. ही बंदी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली. मध्यंतरीं भाताचें एक सबंध पीक शेतांतून खळ्यांत आणि खळ्यांतून बाजारांत जाऊन आलें. कोणी म्हणेल, तुमच्या तालुक्यांतील तांदूळ परदेशीं जातो तरी किती? फारसा जात नाहीं, हें खरें. परंतु बाजार हा एकाखालीं एक असलेल्या खाचरांसारखा आहे. अगदीं शेवटच्या खाचराची मोरी बुजविली म्हणजे पाणी तेवढ्यांतच तुंबत नाहीं, हळूहळू वरच्या सर्व खाचरांत चढतें. काकिनाड्याच्या बंदरांत अडलेला तांदूळ आंध्रांतील व छत्तीसगडांतील व्यापाऱ्याच्या वखारींत तुंबतो आणि तेथून त्याची ओल किन्हवलीच्या आणि सरळगांवच्या शेतकऱ्यापर्यंत येऊन पोंचते.

कांद्याची गोष्ट तर याहून उघड आहे. आमच्याकडे कांदा थोडा पिकतो. परंतु आग्रा रोडच्या कांठीं राहणाऱ्या शहापूर, खर्डी, कसारा येथील लोकांस ती वर्तमानपत्रांत वाचावी लागत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कांदा कसारा घाट उतरून आमच्या दारावरूनच न्हावाशेवा बंदराकडे जातो. या कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्यें बंद झाली, मार्च २०२० मध्यें उघडली. पुन्हा सप्टेंबर २०२० मध्यें बंद झाली, जानेवारी २०२१ मध्यें उघडली. ऑगस्ट २०२३ मध्यें तीवर शेंकडा ४० कर बसला, ऑक्टोबरांत टनामागें ८०० डॉलरांची किमान किंमत ठरली, डिसेंबरांत ती पुरती बंद झाली, मे २०२४ मध्यें कर आणि किमान किंमत ठेवून उघडली, सप्टेंबरांत किमान किंमत निघाली आणि कर शेंकडा २० वर आला, आणि १ एप्रिल २०२५ रोजीं करहि गेला. म्हणजे वीस महिन्यांच्या आंत निदान सहा वेळां नियम फिरला. रोप टाकल्यापासून चाळींतील शेवटचा कांदा विकेपर्यंत शेतकऱ्याचें जवळ जवळ एक वर्ष जातें. एका पिकाच्या पोटांत तीन-चार नियम जन्मतात आणि मरतात! अशा स्थितींत कोणत्या हिशेबानें लागवड करावी, हें सांगणारा ज्योतिषी आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

आतां या दाराच्या पलीकडे कोण उभें असतें तें पाहूं. आपल्या कांद्याचें मोठें गिऱ्हाईक बांगलादेश आहे. श्रीलंका आणि नेपाळ यांच्याहि स्वयंपाकघरांत आपला कांदा जातो. २०२० च्या मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यांतून बांगलादेशाकडे कांद्याच्या मालगाड्या रवाना झाल्या, तेव्हां सर्वांस समाधान वाटलें होतें. त्यानंतर चार महिन्यांतच बंदी आली आणि भरलेल्या गाड्या पश्चिम बंगालच्या सीमेवर उन्हापावसांत अडकून पडल्या. पलीकडे भाव कडाडला, अलीकडे माल नासला. त्या देशानें मग तुर्कस्तान, इजिप्त, ब्रह्मदेश असे दूरचे बाजार धुंडाळले आणि स्वतःच्या शेतांत कांदा वाढविण्याचा उद्योग नेटानें आरंभिला. गिऱ्हाईक असेंच तुटतें. तें भांडून जात नाहीं. दुसऱ्या दुकानाची वाट शिकतें.

दार दुसऱ्या बाजूनेंहि लागतें. वरूड-मोर्शीकडील संत्र्यांस बांगलादेश ही हक्काची पेठ होती. त्या देशानें २०१९ पासून आयातकर चढवीत नेला आणि ती पेठ विदर्भाच्या बागाइतदारांच्या हातून निसटत गेली. २०२५ च्या एप्रिलांत भारतानें बांगलादेशाचा माल आपल्या बंदरांतून व विमानतळांवरून तिसऱ्या देशांत पाठविण्याची सवलत काढून घेतली. बांगलादेशानें आपलें सूत खुष्कीच्या मार्गानें घेण्याचें थांबविलें. मे महिन्यांत भारतानें त्यांचे तयार कपडे खुष्कीच्या नाक्यांवरून घेण्यास मनाई केली. सूत कातणाऱ्या गिरण्यांमागें कापूस पिकविणारा विदर्भ-खानदेशाचा शेतकरी उभा आहे, हें या देवाणघेवाणींत कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें दिसत नाहीं.

वास्तविक हीं सर्व शेजारी राष्ट्रें एका संघांत बसलेलीं आहेत. दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघ, ज्यास 'सार्क' म्हणतात, तो ८ डिसेंबर १९८५ रोजीं ढाक्यास स्थापन झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव हे त्याचे मूळचे सभासद. अफगाणिस्तान २००७ सालीं आला. १९९३ सालीं परस्परांस जकातींत सवलती देण्याचा करार झाला. पुढें जानेवारी २००४ मध्यें इस्लामाबादेस मुक्त व्यापाराचा करार झाला व तो १ जानेवारी २००६ पासून अमलांत आला. अन्नधान्याची टंचाई पडल्यास एकमेकांस धान्य देतां यावें म्हणून २००७ सालीं सामाईक अन्नकोठाराचाहि करार झाला. कागदपत्रांत उणें कांहींच नाहीं. परंतु या राष्ट्रांच्या एकूण व्यापारापैकीं आपापसांतला व्यापार जेमतेम शेंकडा पांच भरतो. आग्नेय आशियांतील राष्ट्रांनीं १९६७ सालीं जो 'आसियान' संघ काढला, त्यांत हेंच प्रमाण शेंकडा वीसपेक्षां अधिक आहे. सार्कच्या राष्ट्रप्रमुखांची शेवटची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्यें काठमांडूस भरली. २०१६ सालची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. त्यानंतर ती भरलेलीच नाहीं.

असें कां व्हावें? पुष्कळ विद्वान जकातीकडे बोट दाखवितात. आमचें मत निराळें आहे. जकात हा त्रास खराच. पण तिनें व्यापार मरत नाहीं. व्यापार मरतो तो बेभरंवशानें. ही गोष्ट समजण्यास परदेशीं जावयास नको. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानें वैशाखऱ्यास उतरून नाणेघाट चढावा, म्हणजे पुरे. सातवाहनांच्या काळीं कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल याच घाटानें जुन्नरास चढत असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्या रांजणांत व्यापारी जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरेनें सांगतात. आम्ही तरुणपणीं प्रथम तो घाट चढलों तेव्हां रांजण पाहून मनांत आलें कीं, इतका अवघड चढ चढून वर पुन्हा पैसे भरावयाचे, तरी लोक या वाटेनें कां येत असावे? पुढें नोकरींत वसुलीचीं कामें पाहिल्यावर उत्तर सांपडलें. रांजण जागचा हालत नाहीं. ज्या वाटेवर आज रांजण आहे, उद्यां भिंत आहे आणि परवां कांहींच नाहीं, त्या वाटेनें कोणी बैल हांकणार नाहीं. पण रांजण नेहमीं तेथेंच आहे असें ठाऊक असलें, म्हणजे व्यापारी तो खर्च हिशेबांत धरून निघतो.

दुसरें उदाहरण आमच्या म्हशाच्या यात्रेचें. पौष पौर्णिमेस म्हसा येथें यात्रा भरते आणि तिजबरोबर जनावरांचा मोठा बाजार भरतो. घाटावरचे आणि घाटाखालचे लोक तेथें बैल घेऊन येतात. त्यांस कोणी निमंत्रण धाडीत नाहीं. तिथि ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, म्हणून विकणारा येतो. आणि विकणारा येणार हें ठाऊक असल्यामुळें घेणारा येतो. ही यात्रा एखाद्या वर्षीं माघांत, एखाद्या वर्षीं चैत्रांत भरूं लागली, तर दहा वर्षांत तेथें केवळ देऊळ राहील, बाजार राहणार नाहीं.

शेजारी राष्ट्रांच्या व्यवहारांतहि जेथें जेथें असें ठरलेपण आहे, तेथें तेथें काम सुरळीत चाललें आहे. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या एका रुपयास त्यांचा एक रुपया साठ पैसे या दरानें बांधलेला आहे. भूतानचें नाणें आपल्या रुपयाच्या बरोबरीनें चालतें. भूतानमधील नद्यांवर उभ्या राहिलेल्या वीजघरांची वीज कित्येक वर्षें भारत विकत घेत आला आहे, आणि त्यावर त्या लहानशा राज्याच्या तिजोरीचा मोठा भार चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्यें नेपाळ, भारत आणि बांगलादेश या तिघांनीं मिळून करार केला व नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशास देण्याचें ठरविलें. आंकडा लहान आहे, पण तीन घरांनीं मिळून एक पाट काढला ही गोष्ट लहान नाहीं. श्रीलंकेशीं १९९८ सालीं केलेला करार २००० च्या मार्चपासून चालत आला आहे. तात्पर्य, या भागांतील लोकांस एकमेकांशीं व्यवहार करण्याचें वावडें नाहीं. शब्द टिकेल कीं नाहीं याची धास्ती आहे.

येथें एक अवघड गोष्ट बोलणें भाग आहे. या सर्व शेजाऱ्यांत आपला देश फार मोठा आहे. आणि मोठ्यास लहानाचें दुःख सहसा समजत नाहीं. आम्हां शहापूरकरांस मात्र तें समजावयास हवें. मुंबई शहराचें पाणी आमच्या तालुक्यांतून जातें. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. पुढें वैतरणा आली, भातसा आली. शंभरांहून अधिक वर्षें आमच्या डोंगरांतला पाऊस नळांवाटें मुंबईस जात आहे, आणि नळांच्या कडेच्या गांवपाड्यांवर उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर जातो. टंचाईचे अहवाल लिहितांना हा विरोध आम्हीं कैक वर्षें स्वतःच्या हातानें कागदावर उतरविला आहे. मुंबईकर दुष्ट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास पाण्याची गरज आहे आणि तें कोठून येतें याचा विचार करण्याची त्यास गरज पडत नाहीं, इतकेंच. आतां काठमांडूचा किंवा ढाक्याचा मनुष्य दिल्लीकडे कोणत्या दृष्टीनें पाहत असेल, याची कल्पना करा. २०१५ च्या अखेरीस नेपाळच्या सीमेवर पांच महिने वाहतूक खोळंबली, तेव्हां तेथील घरांत गॅस व इंधन मिळेना. दोष कोणाचा याविषयीं दोन्ही बाजूंचें म्हणणें निराळें आहे. पण चूल विझली ती नेपाळ्याची, हें दोघांसहि मान्य व्हावें.

मोठा आणि लहान यांच्या जकातसंघाचा एक दाखला आपल्या मराठी मुलखाच्या कुशींतच आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं १८७८ सालीं तह करून ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांमधील जकातीची भिंत काढून टाकली. माल मोकळेपणीं जाऊं येऊं लागावा, मुरगांवास बंदर व रेल्वे व्हावी, असे हेतु चांगले होते. परंतु त्याच तहानें गोव्यांतील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा आला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळत. पण मिठागरांत राबणाऱ्या लहान उत्पादकाचे हाल झाले. बारा वर्षांची मुदत १८९२ सालीं संपली आणि तह पुन्हा झाला नाहीं. भिंत पाडण्याची कल्पना खोटी नव्हती. दोन सरकारांनीं आपापसांत पैसे वांटून घेतले आणि मीठ पिकविणाऱ्यास कोणी विचारलें नाहीं, म्हणून ती फसली. आजच्या सर्व करारांकडे आम्ही याच दृष्टीनें पाहतों.

आतां या विषयावरील आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शेतकऱ्यांचाच आहे: दारें उघडलीं तर बाहेरचा स्वस्त माल शिरेल आणि आपण बुडूं. ही भीति पोकळ नाहीं. श्रीलंकेच्या कराराच्या आडोशानें इतर देशांचीं मिरीं येऊं लागलीं, अशी कोडगू आणि केरळ येथील बागाइतदारांची ओरड होती. शेवटीं डिसेंबर २०१७ मध्यें सरकारास मिऱ्यांच्या आयातीवर किलोमागें ५०० रुपयांची किमान किंमत ठरवावी लागली. नोव्हेंबर २०१९ मध्यें भारत पूर्वेकडील राष्ट्रांच्या मोठ्या व्यापारसंघांत शिरला नाहीं, त्याचें एक कारण न्यूझीलंडसारख्या देशांच्या दुधापुढें आपला दोन म्हशींचा गवळी टिकणार नाहीं, हें होतें. तो निर्णय योग्य होता असें आम्हांस वाटतें. परंतु लांबचा बलाढ्य उत्पादक आणि जवळचा गरीब शेजारी यांत भेद केला पाहिजे. २०११ सालीं भारतानें आपल्या अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीं दारू, तंबाखू इत्यादि २५ वस्तु वगळून बाकी सर्व मालावरील जकात माफ केली. त्यामुळें आपला भातकरी बुडाला असें कोठें दिसलें नाहीं. आपल्यास आजवर खरा फटका बसला आहे तो बाहेरचा माल आंत येण्यापेक्षां आपला माल आंत कोंडल्यानें. आणि गंमत अशी कीं, या दुसऱ्या रोगावर शेजाऱ्यांच्या करारांत औषध म्हणून कांहींच नाहीं.

दुसरा आक्षेप शहरांतील खाणाऱ्यांचा: भाव भडकला असतां सरकारनें निर्यात थांबवूं नये काय? गरिबाच्या ताटांतला घांस महाग होऊं नये, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्यासाठीं सरकारनें हंगामांत बाजारभावानें कांदा आणि तांदूळ विकत घेऊन सांठा करावा व टंचाईंत तो बाहेर काढावा. गरिबास सवलत देण्याचा खर्च सर्व देशानें सोसावा. तो एकट्या पिकविणाऱ्याच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप शत्रुत्वाचा. पाकिस्तानशीं व्यापार फेब्रुवारी २०१९ नंतर जवळ जवळ आटला आणि एप्रिल २०२५ मध्यें पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचें दारहि लागलें. जेथें रक्त सांडतें तेथें तराजू धरा, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एका शेजाऱ्याशीं वैर आहे म्हणून बाकीच्या पांच-सहांशीं सहकार्याचें काम अडवून ठेवावें, हें शहाणपण नव्हे. १९९७ सालीं बँकॉकास बंगालच्या उपसागराभोंवतालच्या राष्ट्रांचा 'बिमस्टेक' नांवाचा दुसरा संघ निघालेला आहेच. आणि वैर हें कायमचें असतें असेंहि नाहीं. फ्रान्स आणि जर्मनी यांनीं एका पिढींत दोन महायुद्धें केलीं. पण १९५१ सालीं त्यांनींच आणखी चार राष्ट्रें बरोबर घेऊन कोळसा आणि पोलाद यांचा सामाईक कारभार सुरू केला आणि १९५७ सालीं रोम येथें सामाईक बाजारपेठेचा तह केला. त्यांनीं प्रथम दोनच जिन्नस घेतले, त्यांचे नियम कडक पाळले, आणि मग पुढें पाऊल टाकलें. आपल्याकडे सर्व जिन्नसांचे करार एकदम होतात आणि एकाहि जिनसाचा नियम वर्षभर टिकत नाहीं.

मग करावें काय? आमच्या अल्प बुद्धीस ज्या गोष्टी सुचतात, त्या अशा. पहिली: पेरणी झाल्यावर त्या पिकाच्या निर्यातीचा नियम त्या हंगामापुरता बदलूं नये. टंचाईच्या वेळीं कर बसवावाच लागला, तर कोणत्या भावास किती कर हें कोष्टक आधींच छापून ठेवावें. जमिनीचा सारा जसा आगाऊ ठाऊक असतो, तसाच हा करहि असावा. दुसरी: नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांस दरसाल अमुक इतका तांदूळ व कांदा कोणत्याहि परिस्थितींत मिळेल, असें वचन लेखी द्यावें. हें अशक्य नाहीं. तांदूळबंदीच्या काळांतच भूतानास ७९,००० टन तांदूळ देण्याचें सरकारनें मान्य केलें, आणि मार्च २०२४ मध्यें कांदाबंदी असतांना बांगलादेशास ५०,००० टन कांदा देण्यास परवानगी दिली. जें शेवटीं विनवण्या झाल्यावर द्यावयाचें, तें आधींच ठरवून दिलें तर त्यांत दोघांचीहि अब्रू राहते. तिसरी: असे निर्णय होतात तेथें पिकविणाऱ्यांच्या संस्थांचा माणूस बसावा. वरील परवानग्यांचें काम २०२३ सालीं निघालेल्या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेकडे सोंपविण्यांत आलें होतें. ती संस्था सहकारी आहे आणि तिचें सभासदत्व सहकारी संस्थांस घेतां येतें. आपल्या तालुक्यांतील सोसायट्यांनीं ही चौकशी केली पाहिजे. नुसत्या ठरावांचे कागद तहसील कचेरींत आणून दिल्यानें काय होतें, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. ते कागद फायलींत लावण्याचें काम आमच्याकडेच असे.

लेख संपविण्यापूर्वीं घरचा एक दोष सांगितला पाहिजे. नाहींतर दिल्लीस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार पोंचत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मुरबाडकडील आमच्या गांवांतील दहा-बारा शेतकऱ्यांनीं भात निघाल्यावर भेंडी लावली. वाशीचा एक व्यापारी ती आखाती देशांत पाठवीत असे. सबंध हंगामाचा एकच भाव ठरला. कोंवळी, एका मापाची भेंडी पहांटे तोडून द्यावयाची, अशी बोली झाली. डिसेंबर-जानेवारी ठीक गेले. फेब्रुवारींत कल्याणच्या बाजारांत भेंडीचा भाव चढला आणि एकेकानें आपला माल गुपचूप कल्याणास नेण्यास आरंभ केला. व्यापाऱ्याची गाडी अर्धी रिकामी परत जाऊं लागली. त्यानें विमानांतली जागा आगाऊ घेतलेली होती. तिचे पैसे त्याच्या अंगावर पडले. कल्याणास नेलेल्या त्या मालांत आमच्या घरच्याहि पाट्या होत्या, हें लाजेनें कबूल करतों. चार पैसे अधिक मिळाले, त्यांचें त्या वेळीं कौतुकहि वाटलें. दुसऱ्या वर्षीं व्यापारी आला नाहीं. कल्याणचा भाव पडला, तोडणीची मजुरी निघेना, आणि उभी भेंडी आम्हीं गुरांस घातली. आम्हीं त्या व्यापाऱ्यास जें केलें, तेंच सरकार बांगलादेशास करतें. फरक मापाचा आहे, जातीचा नाहीं.

म्हणून आमचें सांगणें दुहेरी आहे. सरकारनें शेजाऱ्यांशीं बोललेला शब्द हंगामभर तरी पाळावा. आणि आपण शेतकऱ्यांनीं व्यापाऱ्याशीं केलेला करार भाव चढला तरी पाळावा. एका गांवाचा शब्द टिकतो असें झालें म्हणजे त्या गांवच्या मालास पेठ मिळते. तसा देशाचा शब्द टिकला म्हणजे त्याच्या शेतकऱ्यास सभोंवारचे देश पेठ म्हणून मिळतात. नाणेघाटाच्या माथ्यावरील रांजणांत आज पावसाचें पाणी सांचतें. पण तो हालविलेला नाहीं. आपल्या व्यापाराचे नियम तितके जुने नसले तरी चालतील. एक पीक घरांत येईपर्यंत ते जागचे हालूं नयेत, एवढेंच मागणें आहे. वाचकांपैकीं ज्यांस या बाबतींत भात, भाजी किंवा दूध विकण्याचा प्रत्यक्ष अनुभव असेल, त्यांनीं तो या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, म्हणजे पुढील चर्चेस आधार होईल. इत्यलम्.